नऊ हजार फुटांवरची दाढ

इथे दुखत नाही, म्हणाला निनाद बोरस्ते,
खुर्चीत आडवा होऊन, तोंड उघडायच्या आधीच.
इथे म्हणजे शरणपूर रोड, दुसरा मजला,
खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी मिसळ,
जिच्या तर्रीचा वास माझ्या लवंगतेलालाही हटत नाही.

मग कुठे दुखतं?
त्यानं बोटानं छत दाखवलं.

रामशेज मागे पडला की ठणका सुरू होतो.
सात हजारांवर कुणीतरी दाभण लावतं,
नऊ हजारांवर डावा डोळासुद्धा दाढेचाच होऊन जातो.
उतरताना पांढऱ्या कागदाखालच्या द्राक्षबागा दिसायला लागतात,
तेव्हा जरा कमी.
ओझरला चाकं टेकली की काहीच नाही,
जसं काही दुखणं
विमानातच विसरून खाली उतरलो.

मी थंड लावून पाहिलं, गरम लावून पाहिलं.
आरशाच्या दांडीनं एकेक दात ठोकत गेले,
टक, टक, टक.

नाना असेच ठोकायचे.
एकतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
पंखांवरचे रिव्हेट बोटाच्या पेरानं वाजवत फिरले.
घट्ट बसलेला गप्प राहतो, म्हणायचे,
ढिला असतो तो बडबडतो.
घरी कलिंगड, माठ, माझ्या अभ्यासाचं टेबल,
काहीही वाजवल्याशिवाय सोडलं नाही.
विमानात मात्र एकदाही बसले नाहीत.
आपण आतून ओळखतो ना, मग बाहेरचं काय बघायचं,
असं काहीतरी म्हणून विषय संपवायचे.

वरची डावी, सव्वीस नंबर, बडबडली.

फोटोत दिसली चांदीच्या खाली
नखाएवढी काळी कोर.
कधी भरली होती?
सहावीत. पिंपळगावला. बाबांच्या स्कूटरवरून गेलो होतो.
म्हणजे त्या दुपारची चिमूटभर हवा
डॉक्टरांनी नकळत आत बुजवून ठेवली,
आणि ती एकोणीस वर्षं निमूट बसली.
हा आभाळात चढायला लागला
तेव्हा तिलाही मोठं व्हावंसं वाटलं.
जागा तेवढीच.

मॅडम, कागदावर नको.
दोन महिने गोळ्यांवर काढलेत.
जमिनीवर बसवलं तर तास बुडतात,
आणि दात कोरून काय पोट भरतं का?

स्वतःच्याच म्हणीवर तो हसला,
हसताना सव्वीस नंबर दिसली.
त्याच्यामागे बसणाऱ्यांचा मी विचार केला,
ज्यांना माहीत नसतं
की पुढच्या माणसाचा एक डोळा
काही मिनिटं त्याचा राहत नाही.
त्याच्या हप्त्यांचाही केला. खोटं कशाला बोलू.

मग लिहिलं.
तारीख, दाढेचा नंबर, चार दिवस उड्डाण बंद.
तो काही बोलला नाही.
बधिर ओठानं दातओठ तरी कसे खाणार?

चांदी उकरताना मी उगाच कान दिला.
हवा सुटल्याचा आवाज होत नाही, मला माहीत आहे.
नुसता सक्शनचा घरघराट,
आणि त्याची उजवी मूठ
खुर्चीच्या हातावर, कुठलीतरी दांडी धरल्यासारखी.

आज पाचवा दिवस.
नाना गॅलरीत बसलेत, कवळी स्टीलच्या पेल्यात.
मी केलेली, तरी बसत नाही म्हणतात.
वरून एक लहान विमान गेलं, उत्तरेकडे.
नानांनी मान वर न करता
कठड्यावर पेर आपटलं,
टक.

त्यातलं कोण, मला कसं कळणार?
फोन आलेला नाही.
ते लहान होत जातं
आणि माझी जीभ आपोआप
माझ्याच वरच्या डाव्या दाढेवर जाऊन थांबते.