अस्तर

ओम्नीच्या टपावर मागच्या जत्रेतलं दारूकाम पडलं,
बरोब्बर मधोमध, बशीएवढं.
तिथून मग वरचं लॅकर सुटत गेलं
उन्हात झोपलेल्या गोऱ्या पाठीसारखं,
पापुद्रा पापुद्रा.
नाकाडावरचा निळा खाऱ्या वाऱ्यानं आधीच खाल्लेला.

तीस वर्षं मी नटांची तोंडं रंगवतोय,
म्हार्दोळपासून केरीपर्यंत, देवळामागच्या खोल्यांतून,
आणि माझ्याच गाडीचं तोंड हे असं.

पर्वरीला जोविनोच्या दुकानात एसी होता.
भिंतीला रोल लावलेले, साडीच्या दुकानात असतात तसे:
मॅट, साटीन, एक मोरपिशी
जो बाजूनं बघितला की जांभळा होतो.
तीन दिवस, पात्रांव, म्हणाला.
कंटाळा आला की सोलून काढायचा, आतला रंग जसाच्या तसा.
मग त्यानं टपाला नख लावलं.
नखासोबत रुपयाएवढा निळा वर आला.
पोरगा प्रामाणिक. नखावर फुंकर मारली आणि म्हणाला,
ह्याच्यावर नाही बसणार.
बसला तरी निघताना सगळं घेऊन निघेल.

हे मला कुणी समजावायला नको.
गमनं चिकटवलेली मिशी घाईत ओढली की काय होतं, पाहिलंय.
आमचा रावण, दामोदर शिरवईकर,
दुसऱ्या दिवशी बँकेच्या कॅश काउंटरवर
सोललेला ओठ रुमालात धरून नोटा मोजत होता.

कुंडईला कुष्टा पेंटरकडे एसी नाही,
पत्र्याची शेड आणि थिनरचा वास, जो मला आवडतो.
अठ्ठावीस हजार, म्हणाला,
आणि गाडी विकलीस तर चाळीससुद्धा यायचे नाहीत.
रंग बदलणार असशील तर आरसी घेऊन तूच जा आरटीओत.
मी विचारलं, आणि रॅप?
त्यानं विडी कानावरून काढली, परत कानावर ठेवली.
खंयचोय मार, घांसप तितलेंच.

तेवढं मात्र आमच्याही धंद्यात खरं.
झिंक लाव, पॅनकेक लाव,
आधी तोंड धुतलेलं नसेल तर दुसऱ्या अंकात फुटतंच.

त्यानं नाकाडावर पाणी ओतलं आणि चारशे नंबरचा कागद चालवला.
निळा गेला. राखाडी.
राखाडीखाली पांढरा, दुधासारखा, ज्याचं मला कुणी बोललं नव्हतं.
फोंड्याच्या दलालानं शपथेवर सांगितलेलं,
एका मास्तरची गाडी, फक्त शाळेत जायची.
पांढऱ्यावर लाल काहीतरी उमटलं.
एक फराटा, मग अर्धं वर्तुळ.
कुष्टा थांबला. ही कुठली भाषा?

मी मागचं दार उघडलं,
पेटीतून मेकअपचा आरसा काढला, कडेला तडा गेलेला,
आणि नाकाडासमोर धरला.
जन्मभर मी लोकांना त्यांचं तोंड ह्याच आरशात दाखवलंय.
नऊ अक्षरं होती. ब्रशनं काढलेली, शेवटचं जरा तिरकं.
अँब्युलन्स.

कुणी काही बोललं नाही.
कुष्टानं हात पुसले. मागच्या सीटकडे बघितलं,
जिथे माझे टोप ठेवलेले असतात, 
आणि जिथे पूर्वी कोण कोण आडवं झालं असेल.
पुसूं? म्हणाला.

माशेलला नऊ वाजता नांदी होती.
मी म्हटलं, टपाला अस्तर मार आज, बाकीचं सोमवारी.
सोमवारी निळा की दुसरा काही, ते अजून ठरलेलं नाही.

भोमच्या अरुंद रस्त्यावर पुढे एक टिपर, नेहमीसारखा मधून.
हॉर्न वाजवणार एवढ्यात
त्याच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसले.
टिपर डावीकडे सरकला, पार गटाराला लागून,
आणि त्यानं हात काढून मला वाट दिली.
मी गेलो. थांबून काय सांगणार होतो,
की आत पाच टोप आहेत, दोन दाढ्या,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली यमाची मिशी.