गाडी उभी होती

मेणबत्त्यांच्या सणानंतरचा तिसरा दिवस. बुधवार.
लिंकन गाव, टेकडीचा तो चढ,
जिथे टाच रोवल्याशिवाय माणूससुद्धा
कुणाशी घटकाभर बोलत उभा राहत नाही.

प्रेत हलवलेलं नव्हतं.
कॉरोनर येईतो हात लावायचा नाही, असा कायदा.
रात्रभर कुणीतरी तिच्या अंगावर घोंगडं धरून
कुत्री हाकलत बसलं होतं.

मी कारकून. माझं काम लॅटिनमध्ये.
लोक रडतात इंग्रजीत,
मी वर पूड टाकून कोरडं करतो.

नाव इडोनी. वय पाच, ईस्टरला सहावं लागणार होतं.
जखम डाव्या कानामागे, लांबी चार इंच, खोली एक.
मोजायला सर जॉस्लिननी माझीच पट्टी घेतली.
नंतर ती मी धुतली. दोनदा.
मुठीत भाजलेला कांदा, अर्धा खाल्लेला.
तो कुठे लिहायचा मला कळेना,
म्हणून लिहिला नाही.

चार पेठांतून बारा पंच आलेले :
कातडं कमावणारे दोघे भाऊ, एक मेणबत्तीवाला,
एक ठार बहिरा, ज्याला शेजारचा
शपथेचा शब्द न् शब्द कोपरानं सांगत होता.
समोर हॅमो गाडीवान. पळाला नव्हता.
घोडीच्या मानेत तोंड खुपसून
काल दुपारपासून तसाच.

आता किंमत.
ज्या वस्तूनं जीव घेतला ती देवाला द्यायची,
असं शास्त्र सांगतं.
देवाकडे जाताना वाटेत राजाची तिजोरी लागते,
आणि वस्तूचा मुक्काम तिथेच पडतो.

गाडी चालत असेल तर
गाडी, घोडी, वरची लाकडं, सगळंच गेलं.
उभी असेल, आणि पोर चाकावर चढून पडलं असेल,
तर फक्त चाक.

"गाडी चालत होती का?"

सगळ्यांनी पाहिलं होतं.
जोडे शिवणाऱ्यानं खिडकीतून, पाववालीनं दारातून.
मेणबत्तीवाला पंच तर हात वर करून
ओरडला होता, धर, अरे धर तिला!
आता तोच आपल्या बोटांवरचं मेण खरवडत होता.
वारा होता. घोडीनं पाय बदलला.

मग, कुणी विचारलं नसताना,
आई बोलली. सॅबिना, रंगारीण,
कोपरापर्यंत निळे हात.
"उभी होती," म्हणाली. "गाडी उभी होती.
माझीच चढली. ऐकायची नाही ती."

हॅमोच्या घरी चार तोंडं आहेत, हे खरं.
दुष्काळाच्या साली त्याच्या बायकोनं
हिच्या पोरीला अंगावर पाजलं होतं, असंही
पाववाली मला मागाहून म्हणाली.
मला नाही वाटत एवढ्यानं पुरतं.
मेलेल्या लेकरावर आळ घ्यायला
आणखी काहीतरी लागत असेल.

बाराही जणांनी तेच सांगितलं, बहिऱ्यानंसुद्धा.
चाक नवंकोरं होतं, बारा पेन्सांचं तरी.
ते म्हणाले, जुनं. तडकलेलं. चार पेन्स.
सर जॉस्लिननी त्या उताराकडे पाहिलं,
चाकाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे. "लिही."

लॅटिनमध्ये 'उभी होती' हा एकच शब्द आहे. स्ताबात.
कागदावर किती सपाट जमीन असते त्याच्याखाली.

सॅबिनानं पोर उचललं. कांदा पडला, गडगडत
थेट गटाराशी जाऊन थांबला.
सगळ्यांनी तो जाताना पाहिला.

मग चाक काढलं.
गाडी एका कुशीवर कलली, आस दगडात रुतला,
आणि त्या चढावर प्रथमच एक गाडी
खरोखर उभी राहिली.

मी गुंडाळी काखेत मारून
उतरायला लागलो, टाच रोवत.