वाकडं बोट

परवान्यासाठी अकरा नावं लागतात.
इंग्रजीत, न अडखळता.
मास्तर राझाफी दर गुरुवारी येतात,
मोटारीच्या टपावर फळा बांधून,
आणि आंदासिबेच्या शाळेच्या ओसरीत आम्ही सातजण:
पाच तरुण, मी,
आणि बसल्याबसल्या डुलक्या घेणारा म्हातारा झाफी,
ज्याला जंगल तोंडपाठ,
पण 'थ' म्हणताना जीभ दातांत सापडते.

पहिला धडा : मंकी वेगळा, एप वेगळा.
शेपूट असेल तर मंकी, नसेल तर एप.
फ्रेंचांनी दोघांना एकाच गोणीत भरलं होतं,
हे लोक सुटे पैसे मोजून घेतात.
"आणि आपले?"
"आपले दोन्ही नव्हेत. आपले लीमर.
पाहुणा मंकी म्हणाला, तर हसून दुरुस्त करायचं.
हसून, हं, हाइंगु."

रात्री भात रटरटत असतो
आणि तिआना माझी परीक्षा घेतो. नऊ वर्षांचा आहे.
माउस लीमर. उंदराएवढा. ठीक.
ड्वार्फ लीमर. खुजा.
आम्ही त्याला जाडशेपट्या म्हणतो,
कारण थंडीभराची शिदोरी तो शेपटीत बांधून झोपतो.
उंची कुणी मोजली होती?
वूली लीमर, लोकरीचा. आमच्याकडे तो पांढऱ्या मांड्यांचा.
एकानं अंगरखा पाहिला, एकानं मांड्या.
स्पोर्टिव्ह लीमर :
दिवसभर ढोलीच्या तोंडाशी बसून पेंगतो.
माझा दीर असाच खेळाडू.
रफ्ड.
"रफ नाही गं आई, रफ्ड. गळ्याला झालर."
असली झालर मी फक्त चर्चमधल्या चित्रात पाहिली आहे,
एका संताच्या मानेभोवती,
आणि तोसुद्धा त्या चित्रात ओरडतच होता.

एका गुरुवारी मास्तर म्हणाले,
लीमर हा शब्दच मुळात रोमी लोकांचा.
लीमर म्हणजे मेलेली माणसं,
रात्री घराभोवती फिरणारी.
ती जावीत म्हणून ते उंबऱ्याबाहेर काळे घेवडे टाकत.
झाफीनं डोळे उघडले.
"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," म्हणाला,
आणि पुन्हा मिटले.

परीक्षेला राजधानीहून एक बाई आल्या.
बूट नवे, हातात वही.
सकाळी सव्वासहाला रानात शिरलो.
आठ नावं ओळीनं गेली, नववं पावसाळी फांदीवर सापडलं.
मग दरीपलीकडून ती हाक आली,
आधी एक, मग दुसरी तिच्यावर चढत,
आणि जळवा झटकणाऱ्या बाईही थांबल्या.

बाबाकुतु.
मधासाठी चढलेला आमच्या कुळातला पोरगा
माश्यांनी फोडल्यावर फांदीवरून सुटला,
तेव्हा ज्यानं त्याला झेलला, तो.
इंग्रजीत त्याला इंद्री म्हणतात.
सांगतात की कुणा परदेशी माणसाला कुणी दाखवलं,
"ते बघ, इंद्री!"
आणि त्यानं तेच वहीत उतरवलं.
खरंखोटं झाडांना माहीत.

मी बोटाचं पेर दुमडून वर दाखवलं.
"बोट सरळ करा," बाई म्हणाल्या,
"पाहुण्यांना कळायचं नाही."
मी सरळ केलं नाही.
थडग्याकडे आणि थोरांकडे असंच दाखवतात,
हे त्यांच्या आईनं त्यांनाही सांगितलं असणार.
"इंद्री," मी म्हणाले.
त्यांनी वर पाहिलं. वहीत खूण केली.
कुठल्या भाषेत म्हणाले, ते विचारलं नाही.

अकराव्याचं चित्र त्यांनी पुढे धरलं.
मोठे कान, आणि काडीसारखं ते मधलं बोट.
मी मान हलवली.
"येत नाही?"
"येतं," मी म्हणाले.

घरी पोचेपर्यंत अंधारलं होतं.
तिआना दारातच.
"किती?"
"दहा."
"कुठलं चुकलं?"
भात खाली उतरवला. दार लावून घेतलं.
"सकाळी सांगते."