एक, पाच, तीन

इतोइगावात नोव्हेंबरात समुद्र रस्त्यावर येऊन बसतो,
भिंती ओलसर, पान्यांना घाम.
अशा सकाळी तादोकोरो-सान आले,
एकाहत्तर सालची नारिंगी फेअरलेडी घेऊन,
नाक लांब, आवाज अडखळता.

"मिसिंग करते," ते म्हणाले,
घरातल्या कुणाची तक्रार परक्यापाशी करावी तसं, हळू.
"कोरड्या दिवशी शहाण्यासारखी वागते. ओल आली की..."
मग पिशवीतून बिलं काढली:
कॉइल नवी, पॉइंट नवे,
दोन्ही कार्ब्युरेटर तोयामाला नेऊन उघडलेले,
टाकीसुद्धा धुतलेली.
मोरोहाशी-बाईंनी बिलं वाचली नाहीत.
चष्मा कपाळावर सारला, डोळे मिटले,
आणि एक तळवा बोनेटच्या कडेला टेकवला,
पलीकडे कुणी आहे का
हे दारावरून चाचपावं तसा.

एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.
इथल्या पहिल्या आठवड्यात मी हे पाठ केलं,
झाडू मारता मारता, पाढ्यासारखं.
सहा सिलेंडर उभे एका रांगेत,
पण पेटताना रांग कुणी पाळत नाही.
आज ऐकू येत होतं:
एक, पाच,     , सहा, दोन, चार.
जिन्याची एक पायरी निखळलेली
आणि माणूस तरी रोज त्याच जिन्याने उतरतोय.

"कार्ब्युरेटरच असणार," मी म्हटलं.
"असणार हा शब्द फळीवर ठेव," बाई म्हणाल्या,
"लागला तर घेऊ."

रबरी मुठीचा चिमटा. चालत्या इंजिनावर
पहिल्याची वायर उपसली: गाडी कचकन खचली.
परत लावली. दुसऱ्याची: खचली.
तिसऱ्याची उपसली
आणि काहीच झालं नाही.
तीच थरथर, तोच लंगडा ठेका.
ज्याला काढून काही बिघडत नाही
तो आधीच गेलेला असतो.
हे बाई बोलल्या नाहीत, माझ्याच मनात आलं,
आणि उगाच नागोयातला भाऊ आठवला,
ज्याचा भात आई आता मापात धरत नाही.

प्लग काढला: ओला, काळा, पेट्रोलचा भपकारा.
दाब मोजला: इतर पाचांइतकाच.
"ह्याला जेवण पोचतंय," बाई म्हणाल्या,
"चूल पेटत नाहीये."
मग शटर खाली ओढलं.
"दिवा घालव."

अंधारात इंजिन केवढं तरी मोठं होतं.
फुलझाडांच्या बाटलीतून
बाईंनी फवारा मारला, अगदी हलका, शिंकेएवढा,
आणि तिथे,
तिसऱ्याच्या वायरीच्या कुशीतून
निळा धागा
बाहेर उडाला.
टिक. पुन्हा. टिक.
आत पोचायची ती ठिणगी
वाटेतच खर्च होत होती,
किती महिने, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, उजेडात.

दिवा लावल्यावर दिसली पितळेची क्लिप,
घासून लख्ख केलेली,
सहाही वायरी नेटक्या एका ओळीत आवळणारी.
तिची धार तिसरीच्या रबरात रुतली होती.
"वसंतात मीच बसवली," तादोकोरो-सान म्हणाले.
"कानाझावाच्या मेळाव्यासाठी. बोनेट उघडं ठेवायचं होतं."
बाई हात पुसत राहिल्या.
ते फडकं काही इतकं मळलेलं नव्हतं.

नवी वायर जरा सैल, जरा वेडीवाकडी गेली.
किल्ली फिरवली.
एक पाच तीन सहा दोन चार एक पाच तीन
आणि मला श्वास सोडायची आठवण झाली.

बिल: एक वायर, अर्धा तास.
त्यांनी पैसे मोजून दिले, वाकले, पुन्हा वाकले.
डॅशबोर्डवरचं घड्याळ सव्वाचारवर थांबलेलं होतं;
तेही बघू का, मी विचारलं.
"नको," ते म्हणाले, "ते कधीपासून बंद आहे
ते मला माहीत आहे."