नळी क्रमांक चार

खाणी थांबल्या, ट्रक थांबले, मग पंपही.
टाकी नंतर निघाली, क्रेनने.
बुडाशी अंगठ्याएवढं भोक.

दर तिमाहीला मी कुडचड्याला येतो.
जांभ्यात रोवलेल्या चार नळ्या, टोपणांना कुलूप.
फीत सोडतो. पाणी सात मीटर वीसवर.
वर डिझेलचा पापुद्रा:
मागच्या खेपेला दोन मिलिमीटर, आज दीड.
बाटली काठोकाठ भरायची,
आत बुडबुडा राहता कामा नये.

उताराला उर्सुलिनाबायची बांय.
सहा वर्षं ते पाणी कुणी तोंडाला लावलेलं नाही.
तरी रोज सकाळी ती दोन कळश्या उपसते
आणि चिऱ्यांच्या ढिगावर ओतते.
उपशाने तेल इकडे ओढलं जातं,
हे सांगून झालंय.
"उपसली ना तर बांय आंधळी जाता," म्हणते.

आज तिला अहवाल वाचून दाखवला:
घट समाधानकारक.
ती काही बोलली नाही.
कळशी ओढली, ओंजळ भरली,
माझ्या नाकाशी धरली.
"वास येता?"

नाही म्हणालो. खरंच नाही आला.
बारा वर्षं या नळ्यांवर वाकून
मला आता कसलाच वास येत नाही,
आणि त्यासाठी
तक्त्यात रकाना नाही.