दगडफुलाचे थेंब

नातीने धाडलेली बाटली टेबलावर, बोटाएवढी.
तिरिल हल्ली मासे खात नाही.
चाळीस वर्षं मी व्हार्दोच्या धक्क्यावर
कॉड चिरले, याच हातांनी.
तिच्या आईची पहिली सायकल
त्याच माशांच्या पोटातून निघाली.

चष्मा शोधून लेबल वाचतो:
दगडफुलापासून काढलेलं ड जीवनसत्त्व, रोज दोन थेंब.
म्हणजे रेनडिअरचा चारा!
फोनवर तसं म्हणालोही. ती हसली नाही.
म्हणाली, रेनडिअर कशी पळतात बघ, आजोबा,
आणि तुझा गुडघा बघ.

आई आम्हा पाचांना रांगेत उभं करायची.
एक बाटली, एकच चमचा,
कॉडच्या काळजाचं तेल.
धाकटा ओडगेर गालात धरून ठेवायचा
आणि मागच्या दाराने जाऊन बर्फात थुंकायचा.
पिवळा ठिपका.
आईला सगळं दिसायचं, काळोखातसुद्धा.
ओडगेर समुद्रात गेला, त्याला आता एकतीस वर्षं.

आज नाताळचा दुसरा दिवस.
भर दुपारी बाराला खिडकीच्या काचेत
बाहेरचं काही नाही, मीच दिसतो.
सूर्याला यायला अजून तीन-साडेतीन आठवडे.

जिभेवर दोन थेंब.
नाक दाबायला हात वर गेलाच होता,
पण चव? काहीच नाही.
इतकं बिनबोभाट, की घेतलं यावर
विश्वास बसेना.

मग उठलो, मागचं दार उघडलं,
थंडी आत घेत उभा राहिलो जरा वेळ,
बर्फात कुठे
पिवळं काही दिसतं का बघत.