बर्फ धरेपर्यंत

यंदा खाडी गोठायला तयार नाही.
नाताळ होऊन गेला, मुलांनी सफरचंदात खोचलेल्या मेणबत्त्या
विझेपर्यंत पाहिल्या, मग सफरचंदंही खाऊन टाकली,
आणि पाणी अजून काळंच,
वाफाळतंय, कुणी खालून जाळ लावल्यासारखं.

रेनाटसचा निरोप नोव्हेंबरात आला. रेडिओवर, खरखरत:
बर्फ धरला की येतो.
नऊ वर्षांनी चार शब्द.
तळघरातले बटाटे मोजावेत तसे
रोज मोजते. चारच भरतात.

प्रभू, तुझ्या देवळात मी दर रविवारी व्हायोलिन वाजवते,
तीन तारांवर, चौथी बोटीतून येणार होती,
बोट आली, तार आली नाही.
कुरकुर केली कधी?
पण आता विचारते.
पाणी तुझं, वारा तुझा, थंडीही तुझीच.
एक कडाक्याची रात्र देण्यात तुझं काय जातं?

आमच्या गावाचं नाव नाईन.
शुभवर्तमानातल्या त्या गावावरून ठेवलेलं,
जिथे विधवेला वेशीवर मुलगा परत मिळाला.
तिला वाट पाहावी लागली नाही, असं मी म्हणायचे.
तिरडी उचलून झाली होती तोवर,
हे सोयीने विसरायचे.

म्हातारा बोआस रोज काठावर जातो,
लोखंडी टोकाची काठी आपटतो,
कान देतो, मान हलवतो, परततो.
त्याचे दोन भाऊ या खाडीने घेतले.
त्याच्या 'नाही'शी गावात कुणी वाद घालत नाही.

मी घातला.
जानेवारीची एकविसावी रात्र, कंदील न घेता,
पिशवीत सुकवलेला मासा आणि त्याच्या बापाचे हातमोजे.
पहिली शंभर पावलं बर्फ माझ्याखाली
ओल्या कातड्यासारखा लवत राहिला.
एकशे एकाव्याला बोलला.
डावा पाय मांडीपर्यंत आत.
मग पोटावर, सील सरपटतो तशी,
त्रेसष्ट वर्षांची बाई,
तोंडाने स्तोत्र नाही, शिव्या.

काठावर बोआस उभा होता. किती वेळ, देव जाणे.
त्याने माझा बूट ओढून काढला, पाय चोळला,
केटली ठेवली, आणि मग कुठे म्हणाला,
"तबेआ, बर्फ वरून जाड होत नाही.
खालून होतो. अंधारात.
आणि त्यातलं मीठ आहे ना,
ते थेंब थेंब खाली गळून जावं लागतं.
मीठ धरून बसलेला बर्फ वजन घेत नाही."

पुढे केटलीच बोलत राहिली.

नऊ वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या उघड्या कबरीशी,
पोराला मी जे बोलले
ते वाक्य अजून जिभेखाली आहे.
पुन्हा कधी लागलं तर असावं, म्हणून ठेवलेलं.
आणि मला वाटत होतं,
अडून बसलाय तो समुद्र.

त्या रात्री ते पहिल्यांदा मोठ्याने म्हणून पाहिलं,
रिकाम्या खोलीत, स्वतःलाच.
फार वाईट लागलं. दुसऱ्या रात्री पुन्हा.
कितव्या रात्रीपर्यंत, ते मोजलं नाही.

काल बोआसची काठी वेगळी वाजली.
घरात बसूनही ऐकू आली,
देवळाच्या घंटेवर कुणी बोटाने टिचकी मारावी तशी.
त्याने मान हलवली नाही.

आज सकाळपासून टेकडीमागे एक इंजिन घरघरतंय.
कुणाचंही असेल. सरपणाला गेलेलं पोर असेल.
दार उघडं ठेवलेलं नाही, थंडी आहे.
कडी मात्र लावलेली नाही.

प्रभू, हसू नकोस,
पण अजून जरा वेळ देतोस का?
हात थरथरताहेत, केस विंचरायचेत,
गेल्या वर्षीच्या जुन्या बर्फाचा तुकडा
केटलीत नुकताच विरघळलाय.
बोट बुडवून चाखलं.
खारट नाही.